सहाशे पंचवीसमधले एकशे पंचवीस

"भाऊ, सहाशे पंचवीसचं एक पाकीट द्या."

परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडला माझं मेडिकल आहे. हे वाक्य काउंटरवर रोज ऐकू येतं. मागतात ती जंतू मारणारी अँटिबायोटिक गोळी, पण औषधाचं नाव कुणी घेत नाही, कंपनीचं घेत नाही, नुसता आकडा सांगतात. तो आकडा म्हणजे गोळीची ताकद, अशी बहुतेकांची समजूत असते. पाचशेवाली साधी, सहाशे पंचवीसवाली पॉवरची, हजारवाली एकदम जालीम. मग दाढ दुखली की पॉवरची, खोकला बसला की पॉवरची, आणि दोन दिवसांत उतार पडला नाही की "हजारवाली द्या ना."

परवा कापसाचे पैसे करून आलेले एक मामा असंच बोलले. मी म्हटलं, मामा, खताच्या पोत्यावर १०:२६:२६ लिहिलेलं असतं. त्याला तुम्ही बासष्टचं खत म्हणता का? ते हसले. नत्र दहा, स्फुरद सव्वीस, पालाश सव्वीस, हे त्यांना पाठ. दहा आणि सव्वीस यांची बेरीज करून काही कळत नाही, कारण प्रत्येकाचं काम वेगळं, हेही त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. औषधवाल्यांनी मात्र नेमकी ती बेरीजच करून पाकिटावर छापली आणि गोंधळ झाला.

सहाशे पंचवीस म्हणजे ५०० आणि १२५. पाचशे मिलिग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलीन, एकशे पंचवीस मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. जंतू मारायचं काम पाचशेचं. एकशे पंचवीस जवळपास कुणालाच मारत नाही. पण ही गोळी कशी घ्यायची याचे जेवढे म्हणून नियम आहेत, त्यातले निम्म्याहून जास्त त्या मुक्या एकशे पंचवीससाठी आहेत.

अ‍ॅमॉक्सिसिलीन हे पेनिसिलीनच्या घराण्यातलं. जंतूच्या अंगाभोवती एक भिंत असते. तो वाढताना ती भिंत बांधत असतो आणि हे औषध नेमकं ते बांधकाम बंद पाडतं. भिंत कच्ची राहते, जंतू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून मार त्याला बसतो, आपल्याला नाही. सर्दी, फ्लू, डेंगी, चिकुनगुन्या हे विषाणूचे आजार. विषाणूलाही भिंत नसते, म्हणून त्यांच्यावर ही गोळी म्हणजे पाण्यात काठी मारणं.

पण जंतू काही हातावर हात धरून बसले नाहीत. त्यातले बरेच एक रसायन तयार करतात, बीटा-लॅक्टमेज नावाचं. पेनिसिलीनच्या रेणूत मधोमध चौकोनी कडं असतं. हे रसायन ते कडं तोडतं आणि औषध निकामी होतं. गंमत म्हणजे ही चाल जुनी आहे. ऑक्सफर्डला अब्राहम आणि चेन या दोघा संशोधकांनी तिची नोंद १९४० सालीच केली होती, पेनिसिलीन अजून धड दवाखान्यात पोचलंही नव्हतं तेव्हा.

त्यावर तोड सापडली १९७०च्या दशकात, इंग्लंडमधल्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत. स्ट्रेप्टोमायसिस क्लॅव्ह्युलिजेरस नावाच्या एका जिवाणूपासून मिळालेलं क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड. दोन्ही एकत्र असलेली गोळी १९८१ साली बाजारात आली. हे अ‍ॅसिड दिसायला पेनिसिलीनसारखंच, तसंच कडं असलेलं. जंतूचं रसायन ते तोडायला जातं आणि तिथंच अडकतं. शाळेत पोरं मास्तरांच्या खोलीच्या कुलपात काडी घालून मोडायची, आठवतं? काडी गेली ती गेली, पण कुलूपही गेलं. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड ही ती काडी. तेवढ्या वेळात अ‍ॅमॉक्सिसिलीन आपलं काम उरकून घेतं.

म्हणून ही गोळी "जास्त पॉवरची" नाही. जिथं जंतू कडं तोडणारा आहे, तिथंच तिचा उपयोग जास्त. घसा दुखवणारा स्ट्रेप्टोकोकस हे रसायन तयारच करत नाही. त्याच्यावर साधं पेनिसिलीन किंवा अ‍ॅमॉक्सिसिलीन पुरतं. तिथं सहाशे पंचवीस घेतली तर वरचे एकशे पंचवीस फक्त पोट बिघडवायला. उलट काही जंतू वेगळ्याच वाटेने हाताबाहेर गेलेले असतात, त्यांच्यापुढं ही काडी चालत नाही. कुठं कुठली, हे डॉक्टरनं ठरवायचं. माझ्यासारख्या काउंटरवाल्यानंही नाही. स्ट्रिपच्या पाठीवर उभी लाल रेघ असते, ती २०१६ पासून लोकांना ओळखता यावी म्हणून सांगितली जाते: ही गोळी चिठ्ठीशिवाय घ्यायची नाही.

आता माझीच एक चूक सांगतो. लातूरला डी. फार्म. करत असताना संध्याकाळी एका दुकानात हाताखाली काम करायचो. एकदा सहाशे पंचवीस संपलेली, फळीवर तीनशे पंचाहत्तर होती. एका वयस्कर गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर सहाशे पंचवीस, दिवसातून तीनदा. मी मनात बेरीज केली: दोन तीनशे पंचाहत्तर म्हणजे साडेसातशे, कमी तर पडत नाही ना, द्या. मालकांना विचारलंही नाही. तिसऱ्या दिवशी ते गृहस्थ जुलाबांनी हैराण होऊन आले. मालकांनी पाकीट उलटं केलं आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. तीनशे पंचाहत्तर म्हणजे २५० आणि १२५. दोन गोळ्यांत अ‍ॅमॉक्सिसिलीन बरोबर ५०० झालं, पण क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड १२५ऐवजी २५०. दिवसाला ३७५च्या जागी ७५०. जंतू मारणारं औषध तेवढंच, पोट बिघडवणारं दुप्पट.

आणि हजारवाली म्हणजे ८७५ आणि १२५. तिन्ही गोळ्यांत अ‍ॅमॉक्सिसिलीन वाढत जातं, दुसरं औषध तिथंच थांबलेलं. म्हणून दोन सहाशे पंचवीस म्हणजे एक हजारवाली नव्हे आणि हजारवाली तोडून दोन पाचशेवाल्याही होत नाहीत. कंपनी बदलली तर बिघडत नाही. जनऔषधी केंद्रातली स्वस्त गोळीही चालते, फक्त पाठीमागं ५०० आणि १२५ हेच दोन आकडे असले पाहिजेत. अक्षर बारीक असतं. वाचता आलं नाही तर दुकानदाराला मोठ्यानं वाचायला लावा, त्याचं ते कामच आहे.

जुलाबांचं एवढ्यासाठी सांगितलं, की कोर्स अर्ध्यात सुटायचं आमच्याकडं पहिलं कारण तेच. "गोळी गरम पडली", "मानवली नाही" असं म्हणून पाकीट कपाटावर जातं. पातळ संडास होणं हा या जोडीचा नेहमीचा त्रास आहे आणि तो पुष्कळसा त्या क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडपायी होतो. त्यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे गोळी जेवणाच्या सुरुवातीला घेणं. पहिला घास तोंडात आणि गोळी पोटात. पोटाला त्रास कमी, शिवाय क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड अशा वेळी चांगलं शोषलं जातं. आपल्याकडं "जेवणानंतर" म्हणजे हात धुऊन, सुपारी कातरून, खाटेवर आडवं झाल्यावर आठवलं तर. तूपकट जेवण झाल्यावर अर्ध्या तासानं घेतली तर ते कमी शोषलं जातं. एखाद्या वेळी तसं झालं म्हणून डोस वाया गेला असं समजू नका, पण सवय पहिल्या घासाची लावा.

नवरात्राचा उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी, भगर हेही जेवणच. गोळीला काय माहीत एकादशी आहे ते. रोजे असतील तर मात्र डॉक्टरला आधीच सांगा, म्हणजे इफ्तार आणि सहेरीला बसेल असं काही ते लिहून देऊ शकतात. आपल्या मनानं दोन डोस एकत्र करू नका.

दही-ताक चालतं का, हे तर रोजचं. चालतं. दुधा-दह्यासोबत घेऊ नये अशी अँटिबायोटिकं वेगळी आहेत, डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन वगैरे. एकाचा नियम दुसऱ्याला लावला जातो आणि मग आजी नातवाचं ताक बंद करतात.

दिवसातून दोन-तीनदा पातळ झालं तर पाणी, ओआरएस, ताक-भात आणि गोळी चालू. पण पाण्यासारखे जुलाब थांबेनात, रक्त किंवा शेम पडू लागली, पोटात कळा येऊन ताप भरला, तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरकडं. जुलाब बंद करायची गोळी आपल्या मनानं अशा वेळी अजिबात घ्यायची नाही. अँटिबायोटिकनं पोटातले चांगले जंतू मेले की एक वाईट जंतू तिथं माजतो, जुलाब अडवले की त्याचं विष आतड्यात कोंडून ठेवल्यासारखं होतं. हे गोळ्या संपल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं.

यापेक्षा दुर्मिळ, पण जास्त फसवी गोष्ट म्हणजे कावीळ. या जोडीनं क्वचित लिव्हरला सूज येते, वयस्कर माणसांत आणि पुरुषांत जास्त. फसवी अशासाठी, की बऱ्याचदा ती गोळ्या संपून दोन-चार आठवडे झाल्यावर दिसते. अंगाला खाज सुटते, लघवी चहासारखी होते, डोळे पिवळे पडतात. तोवर दाढेचं दुखणं माणूस विसरून गेलेला असतो. आमच्याकडं कावीळ म्हटलं की लोक आधी माळ घालणाऱ्याकडं नाहीतर नाकात रस पिळणाऱ्याकडं जातात. तिथं कुणी "गेल्या महिन्यात कुठल्या गोळ्या घेतल्या" असं विचारत नाही. तुम्ही आपणहून डॉक्टरला सांगा. आणि एकदा या औषधानं कावीळ झाली असेल तर ते पुन्हा कधीही घ्यायचं नाही. आधार कार्डाच्या पाकिटात चिठ्ठी लिहून ठेवा, कारण पुढचा डॉक्टर दुसऱ्या गावचा असेल.

पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असेल तर तेच. नाव वेगळं असलं तरी घराणं पेनिसिलीनचंच. पूर्वी कधी "सुईची रिअ‍ॅक्शन" आली होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच आठवत असतं, त्यांना विचारा. गोळीनंतर अंगावर गांधी उठल्या तर पुढची गोळी न घेता डॉक्टरला गाठा. ओठ-जीभ सुजली, दम लागला, चक्कर आली तर १०८ ला फोन. तिथं "थोडं थांबून बघू" नको.

किडनीचं दुखणं, रक्त पातळ करायची वॉरफेरिन, सांधेवाताची मेथोट्रेक्सेट, युरिक अ‍ॅसिडची अ‍ॅलोप्युरिनॉल, यातलं काहीही चालू असेल तर ते चिठ्ठी लिहायच्या आधी सांगायचं. गर्भार किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईनंही.

लेकरांच्या बाटलीवर मात्र थोडं थांबतो. मोठी माणसं गोळी तरी बरोबर गिळतात, पातळ औषधात जेवढे घोटाळे होतात तेवढे कशातच होत नाहीत.

बाटलीत कोरडी भुकटी असते. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडला ओलावा आणि उष्णता सोसत नाही, म्हणून ते घरी पोचेपर्यंत कोरडं ठेवलेलं असतं. आधी बाटली आपटून भुकटी मोकळी करा. पाणी उकळून पूर्ण गार केलेलं. लेबलवर बाण किंवा रेघ असते, तिच्या जरा खाली येईल एवढं पाणी घालून झाकण लावा आणि जोरात हलवा. फेस येतो. तो बसू द्या, पातळी खाली गेलेली दिसेल. मग रेघेपर्यंत पुन्हा पाणी. पुष्कळजणी फेस रेघेला टेकला की थांबतात आणि औषध घट्ट राहतं, दर चमच्याला डोस जास्त जातो. काहीजणी बाटली गळ्यापर्यंत भरतात, मग तो कमी पडतो. आमच्या काउंटरवर सांगितलं तर आम्हीच कालवून देतो, लाजायचं कारण नाही. प्रत्येक वेळी देताना पुन्हा हलवायचं आणि सोबतच्या मापानंच मोजायचं. घरातला चहाचा चमचा हे माप नव्हे.

कालवलेलं औषध फ्रिजमध्ये ठेवायचं आणि सात दिवसांनी उरलं तरी टाकून द्यायचं. फ्रिजच्या दारात नको, आत ठेवा, लाईट गेली की दार उघडझाप करू नका. फ्रिज नसेल तर? परभणीचा मे महिना माहीत असलेल्या माणसानं "थंड जागी ठेवा" एवढं सांगून सुटू नये. माठाजवळची जागा फ्रिजची बरोबरी करत नाही. शेजारी फ्रिज असेल तर तिथं ठेवा, नाहीतर डॉक्टरला स्पष्ट सांगा, "आमच्याकडं फ्रिज नाही." याच जोडीची पाण्यात विरघळणारी लहान गोळी मिळते, ते ती लिहून देतील. अडचण सांगितली तर वाट निघते. न सांगता बाटली धाब्याच्या खोलीत पडून पिवळी-तपकिरी होते आणि मग "औषधाला गुण नाही."

आणि थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला नाही. लेकरांचा डोस वजनावर असतो. बाटल्यांवर २२८.५, ४५७ असे आकडे असतात. तेही बेरजेचेच: २०० आणि २८.५, ४०० आणि ५७. दोन बाटल्या दिसायला सारख्या, चमच्यातलं औषध दुप्पट.

वेळेचं एक कोडं लोकांना पडतं. तीनदा म्हणजे सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सहा का? अ‍ॅमॉक्सिसिलीन रक्तातून फार लवकर उतरतं, साधारण तासाभरात निम्मं. एकदम किती घेतलं यापेक्षा जंतूंभोवती ते किती वेळ टिकून राहिलं याला महत्त्व. मोकाट पाणी देण्यापेक्षा ठिबक बरं, तसंच. म्हणून डोसांमधलं अंतर जमेल तितकं सारखं ठेवा. एखादा चुकला तर आठवल्यावर घ्या. पुढच्याची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडून द्या, दोन एकदम नको.

किती दिवस? चिठ्ठीवर लिहिलेत तेवढे. बरं वाटलं म्हणून अर्ध्यात सोडू नका आणि "अजून एक पाकीट घेतो, मुळापासून जाईल" असंही नको. पूर्वी आम्ही सगळ्यांना सरसकट लांब कोर्स चांगला म्हणून सांगायचो. आता बऱ्याच आजारांत थोडे दिवसही पुरतात असं दिसलंय, आणि जितके जास्त दिवस औषध, तितकं पोटातल्या बाकीच्या जंतूंना ते ओळखीचं होतं. फार लवकर बरं वाटलं तर डॉक्टरला फोन करून विचारा, थांबवू का. विचारून थांबणं वेगळं, कंटाळून थांबणं वेगळं.

ओळखीचं होणं म्हणजे काय, हे आमच्या शेतकऱ्याला सांगायला नको. अळी मारणारं जनुक घातलेला बीटी कापूस २००२ला आला. एक जनुक पुरेना म्हणून २००६मध्ये दोन जनुकांचा आला. २०१७मध्ये गुलाबी बोंडअळीनं त्याच दोन जनुकांच्या कापसाची बोंडं आतून पोखरून ठेवली. दोन औषधं एकत्र केली म्हणजे कायमचा बंदोबस्त झाला, असं अळीच्या बाबतीत घडलं नाही, जंतूंच्याही नाही. पेनिसिलीन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगनं १९४५च्या नोबेल व्याख्यानातच सांगून ठेवलं होतं, की अपुऱ्या डोसानं जंतू मरत नाहीत, सरावतात.

जाता जाता, दोन औषधं एका गोळीत म्हणजे नेहमी शहाणपणच असतं असं नाही. सरकारनं २०१८मध्ये अशा ३२८ मिश्रणांवर बंदी आणली, २०२४मध्ये आणखी १५६. सहाशे पंचवीसची जोडी तशी नाही, ती जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. जुलाबावर सर्रास मागितली जाणारी ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची जोडी त्याच संघटनेनं शिफारस न केलेल्यांत टाकली आहे, पण आमच्याकडं ती चहासारखी खपते.

दसऱ्यानंतर आमच्या भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मागच्या हंगामात एक ताई आल्या, हाताला कोयत्याची जखम, पू झालेला. डॉक्टरांनी सहाशे पंचवीस लिहून दिलेली, दिवसातून तीनदा. रात्री ट्रॅक्टर निघणार होता. सकाळ-दुपार-रात्र असलं कोष्टक फडात चालत नाही हे मलाही कळत होतं. मी विचारलं, भाकरी कधी खाता? "पहाटं निघायच्या आधी एकदा, दुपारी फडात, आन रातच्याला कोपीवर आल्यावर." झालं तर. पाकिटावर पेनानं तीन भाकरी काढल्या आणि सांगितलं, प्रत्येक भाकरीच्या पहिल्या तुकड्याबरोबर एक. लाली कोपराकडं चढायला लागली किंवा ताप आला तर गोळ्या शिल्लक असल्या तरी तिथल्या दवाखान्यात जायचं, आणि ही चिठ्ठी सोबत न्यायची.

त्यांनी पाकीट घेतलं आणि तिथंच गोळ्या फोडून पदराला बांधायला लागल्या, सुट्या बऱ्या पडतात म्हणून. मी हात आडवा केला. म्हटलं, ताई, चांदीतनं काढू नका, घामानं-दवानं आतलं एक औषध मरतं. खायच्या वेळीच फोडा.

"मंग बांधू कशी? टोचंल की."

कात्रीनं मी पाकिटाची चारी टोकं गोल करून दिली, एकही गोळी उघडी पडू न देता. त्यांनी ती चांदीसकट पदराच्या गाठीत घट्ट बांधली.